साडेतीन हात जागेचा कायदा

1 ऑगस्ट 1920च्या पहाटे मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी शेवटचा श्वास घेतला. दिवस उजाडेपर्यंत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचे रस्ते माणसांनी भरून गेले. एवढा जनसमुदाय नेहमीच्या स्मशानात मावणं शक्य नव्हतं, म्हणून अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर करायचं ठरलं. पण चौपाटी ही नोंदलेली स्मशानभूमी नव्हती आणि तिथे चिता रचायची तर सरकारची परवानगी लागणार होती. ज्या राजवटीने टिळकांना सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात ठेवलं, तिच्याच अधिकाऱ्यांकडून ही परवानगी घ्यावी लागली. पुढे स्वतंत्र भारतातही हा नियम बदलला नाही. नोव्हेंबर 2012मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, तेही खास परवानगीनेच.

मृत्यूनंतर देहाचं काय करायचं हे घरचे लोक ठरवतात, समाजाच्या रीती ठरवतात, असं आपण धरून चालतो. विधी कोणता, मंत्र कोणते, खांदा कोणी द्यायचा, हे बहुतांशी खरंच त्यांच्या हातात असतं. मात्र जागा कोणती, खड्डा किती खोल, देह किती वेळ ठेवायचा, पुरलेला देह पुन्हा बाहेर काढता येईल का, या सगळ्यांवर सरकारचा अधिकार चालतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत दहाव्या क्रमांकाची नोंद फक्त याच विषयाची आहे: दफन आणि दफनभूमी, दहन आणि दहनभूमी. पुढे 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत हेच काम शहरांच्या पालिकांकडे सोपवण्यासारखं म्हणून नोंदलं गेलं, आणि त्यात विद्युतदाहिनीचीही भर पडली.

सरकारचा हा अधिकार कुठून आला ते समजून घ्यायचं, तर एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत जावं लागतं.

तेव्हा मुंबईची प्रेतं सोनापूरला जात. आज मरीन लाइन्स स्टेशनाच्या बाजूला चंदनवाडीची स्मशानभूमी आणि बडा कब्रस्तान आहे, तोच हा परिसर. हिंदूंचं दहन, मुसलमानांचं आणि ख्रिस्त्यांचं दफन हे सगळं समुद्राच्या कडेने जवळजवळ लागून चालायचं. शहर वाढत वाढत या पट्ट्याला येऊन भिडलं. त्या काळच्या डॉक्टरांचा ठाम समज होता की रोग दुर्गंधीतून पसरतो, सडणाऱ्या देहातून निघणारी हवाच पटकी आणते. लंडनमध्ये याच भीतीपोटी 1852च्या कायद्याने शहरातल्या चर्चच्या जुन्या दफनभूमी बंद करण्याची वाट मोकळी झाली होती. मुंबईतही तोच विचार आला. 1860च्या दशकात शिवडीला नवी ख्रिस्ती दफनभूमी झाली. ज्या जागेवर ती झाली, तिथे आधी एक वनस्पती उद्यान होतं.

हिंदूंचं स्मशानही सोनापूरहून उचलून शिवडीला न्यावं, असा बेत होता. त्या वेळी शिवडी म्हणजे गावाबाहेरचं टोक. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवीच्या माणसांनी पावसाळ्यात खांद्यावर तिरडी घेऊन तिथवर चालत जायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांनी याला कसून विरोध केला आणि स्मशान सोनापूरलाच राहिलं. नानांचं नाव निघालं की आपल्याला रेल्वे आणि शाळा आठवतात. मला त्यांचं हे काम तितकंच मोठं वाटतं. आरोग्याचं कारण पुढे करून सरकार एखादी जागा बंद करतं, तेव्हा बदली जागा लोकांच्या आवाक्यात आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला. हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

1888च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात या विषयाची कलमं एका ओळीने येतात, 435 ते 440. प्रत्येक जागेची नोंद झाली पाहिजे. आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी जागा उघडायची नाही. एखादी जागा आरोग्याला घातक ठरली तर ती बंद करण्याचा आदेश राज्य सरकार देऊ शकतं. आणि आहेत त्या जागा अपुऱ्या पडल्या किंवा बंद झाल्या, तर योग्य अशी दुसरी जागा उपलब्ध करून देणं हे पालिकेचं काम आहे. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. बंद करण्याचा अधिकार आणि देण्याचं कर्तव्य कायद्याने शेजारी शेजारी ठेवलेलं आहे. व्यवहारात मात्र अधिकार वापरला जातो आणि कर्तव्य फायलीत पडून राहतं.

कलम 440 तर फार बारकाईने लिहिलेलं आहे. कबरीत देहाचा किंवा पेटीचा वरचा भाग जमिनीखाली सहा फुटांहून कमी खोलीवर असता कामा नये. दोन कबरींच्या कडांमध्ये किमान दोन फूट अंतर हवं. आधी वापरलेली कबर परवानगीशिवाय दुसऱ्या देहासाठी उघडायची नाही. देह स्मशानात किंवा दफनभूमीत आणला की सहा तासांच्या आत विधी सुरू झाला पाहिजे. चिता पेटवली तर देहाची पूर्ण राख झाली पाहिजे, काही शिल्लक राहू द्यायचं नाही आणि अंगावरचं वस्त्रही तिथून उचलून न्यायचं नाही. साथीच्या काळात मेलेल्या माणसाचे कपडे बाजारात येऊ नयेत, ही काळजी यामागे स्पष्ट दिसते. कबर खणणाऱ्या माणसाच्या पहारीपर्यंत पोचणारा कायदा म्हणून मी या कलमाकडे आदराने पाहतो.

कायदा लिहिला गेला आणि आठच वर्षांत, 1896मध्ये, मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडची कारकीर्द सुरू झाली. घरांची झडती, माणसांना छावणीत नेणं, याबद्दल आपण शाळेत वाचतो. त्या नियमांतला एक भाग मृतांविषयीही होता: मृत्यूची नोंद झाल्याखेरीज अंत्यविधी करायचा नाही. घरात माणूस गेलेलं आणि दारात कागद मागणारा शिपाई, हे त्या पिढीने पहिल्यांदा अनुभवलं. प्लेगच्या नियमांविरुद्धच्या संतापाचा मोठा भाग या अनुभवातून आला असावा असं मला वाटतं. आता आपण तो कागद मुकाट्याने देतो. स्मशानातल्या खिडकीशी रात्री दोन वाजता गेलात तरी आधी डॉक्टरांचा दाखला पाहिला जातो. मग मृताचं आणि अर्जदाराचं ओळखपत्र, मग नोंदवहीत नाव, वय, पत्ता, मृत्यूची वेळ, कारण. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा कागद. हे बघून दुःखात असलेल्या माणसाला राग येतो आणि तो स्वाभाविक आहे. पण 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने स्मशानभूमीच्या व्यवस्थापकालाही मृत्यू कळवायला बांधील केलं आहे. पुढे वारसनोंद, विमा, निवृत्तिवेतन, बँकेतली ठेव हे सगळं त्या नोंदीवर उभं राहतं. विधवेच्या हातात दाखला नसला तर तिचे काय हाल होतात, हे तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. त्यावर लगेच गदारोळ झाला आणि त्यात बदल करून मोठ्या दफनभूमींत दफनाला मुभा देण्यात आली. 9 एप्रिलच्या परिपत्रकात कोविडच्या मृतांसाठी 20 दफनभूमींची यादी आली. त्यांतल्या तीन वांद्र्यातल्या होत्या. तिथल्या काही रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. दाट वस्तीत असं दफन झालं तर विषाणू मातीतून, पाण्यातून आपल्यापर्यंत येईल, ही त्यांची भीती होती.

त्या रहिवाशांना दोष देणं सोपं आहे. तो एप्रिल आठवा. भाजीची पिशवी साबणाने धुणारी माणसं होतो आपण. पण न्यायालयाने भीतीला पुरावा मागितला. मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने 22 मे 2020 रोजी याचिका फेटाळली. मृतदेह नीट हाताळून पुरला तर त्यातून लागण पसरते, असा कोणताही शास्त्रीय आधार समोर आलेला नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तसं सांगत नाहीत, असं निकालात आलं. त्याच निकालात एक मोठी गोष्ट स्पष्ट झाली: माणसाच्या प्रतिष्ठेला साजेसा अंत्यविधी हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये परमानंद कटारा खटल्यात आणि 2002मध्ये बेघर मृतांविषयीच्या एका प्रकरणात ही दिशा आधीच दाखवली होती. रस्त्यावर मेलेल्या, कोणी नातेवाईक पुढे न आलेल्या माणसालाही त्याच्या धर्मानुसार सन्मानाने निरोप मिळाला पाहिजे, असं तिथे ठरलं.

पारशी समाजाला त्याच काळात वेगळ्या अडचणीला तोंड द्यावं लागलं. दखम्यात देह उघड्यावर ठेवायचा हा त्यांचा धर्म, आणि केंद्राच्या सूचना मात्र दफन किंवा दहनाच्याच. सुरतच्या पारशी पंचायतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी 2022मध्ये दखम्यावर पक्षी येऊ नयेत म्हणून जाळी बसवून विधी करण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी मान्य झाली. आरोग्य आणि श्रद्धा यांच्यात मध्यममार्ग निघू शकतो, फक्त दोघांनाही एका टेबलावर बसावं लागतं, हे इथे दिसलं.

आता बस्तरकडे वळू. कारण मुंबईचा निकाल वाचून हा प्रश्न सुटला असं कोणाला वाटलं, तर छिंदवाडा गावाची गोष्ट त्याला जागं करते. हे मध्य प्रदेशातलं छिंदवाडा नव्हे, छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातलं गाव. 7 जानेवारी 2025 रोजी तिथले एक वृद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशक वारले. घरातली आधीची माणसं गावातच पुरलेली होती. मुलाने वडिलांनाही गावात पुरायचं ठरवलं, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. स्वतःच्या खासगी शेतातही पुरू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देह जगदलपूरच्या शवागारात गेला. उच्च न्यायालयाने मुलाची मागणी फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात आला.

27 जानेवारीला निकाल लागला आणि खंडपीठातच मतभेद झाले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी स्वतःच्या जमिनीत दफन करू द्यावं असं म्हटलं आणि राज्याने दोन महिन्यांत ख्रिस्ती लोकांसाठी जागा आखून द्याव्यात असंही सांगितलं. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांचं मत असं की नेमून दिलेल्या जागेतच दफन झालं पाहिजे, हवी ती जागा निवडण्याचा हक्क कोणाला नाही. असा मतभेद झाला की प्रकरण सहसा मोठ्या पीठाकडे जातं. पण देह तब्बल तीन आठवडे शवागारात होता. आणखी वाट पाहणं माणुसकीला धरून नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून घटनेच्या 142व्या अनुच्छेदाखाली आदेश दिला: गावापासून सुमारे 20 ते 25 किलोमीटरवर करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन व्हावं.

न्यायमूर्ती शर्मांचं तत्त्व कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही. कुठेही कोणीही देह पुरायला लागला तर विहिरी, ओढे, शेजारच्या शेतांचं काय, हा खरा प्रश्न आहे. परंतु नेमून दिलेल्या जागेतच पुरा असं सांगणाऱ्या राज्याने आधी जागा नेमून दिलेली असावी लागते. ती गावात नसेल तर नियम पाळणारा माणूस पोचतो वीस किलोमीटर दूर, आणि नियमाचा हेतू आरोग्याचा असूनही परिणाम गावाबाहेर काढण्याचा होतो. माझ्या मते नागरत्नांचं मत न्यायाच्या अधिक जवळचं होतं.

हे बस्तरचं झालं. आपल्या महाराष्ट्रात किती वेगळं आहे? गावाबाहेर ओढ्याच्या कडेला एक स्मशान, पलीकडे दुसऱ्या जातीचं दुसरं, त्याला ना पत्र्याची शेड ना जायला रस्ता, ही ओळखीची रचना आहे. पावसाळ्यात पाण्यातून तिरडी नेणारी माणसं दरवर्षी वर्तमानपत्रात दिसतात. दलितांना गावच्या स्मशानात दहन करू दिलं नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या दारात देह ठेवण्याची वेळ आली, अशाही बातम्या येतात. कायदा याबाबत अजिबात मोघम नाही. 1955च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने दफनभूमी किंवा दहनभूमी वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने रोखणं गुन्हा ठरवलं. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015च्या दुरुस्तीने हे पुन्हा ठळकपणे लिहिलं गेलं. तरीही गुन्हा दाखल करायचा तर ज्याचा बाप अंगणात निजवलेला आहे त्यानेच पोलीस ठाण्यात जायचं, हे किती अवघड आहे!

दफन म्हणजे फक्त मुसलमान आणि ख्रिस्ती, असाही एक गैरसमज आहे. लिंगायतांमध्ये देह बसत्या स्थितीत पुरतात. नाथपंथी, गोसावी समाधी देतात. लहान मूल गेलं तर बहुतेक हिंदू घरांत त्याला मातीच देतात. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या गावांत लिंगायतांच्या दफनभूमीचा प्रश्न वर्षानुवर्षं चालतो आणि तो कोणत्याही एका धर्माविरुद्धचा प्रश्न नाही. जमीन नोंदलेली नसणं, हे त्याचं साधं कारण.

दुसरी अडवणूक समाजाच्या आतून होते. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या माणसाच्या मयताला कोणी खांदा देत नाही. मुंबई राज्याने 1949मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द ठरवला. बहिष्कृताला समाजाच्या कब्रस्तानात जागा नाकारली जाते, हा त्या वादातला एक कळीचा मुद्दा होता. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा कायद्याच्या बाजूने उभे राहिले. 2023मध्ये हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. मधल्या काळात महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016चा कायदा केला. अंत्यविधीत अडथळा आणणं, दफनभूमी वापरू न देणं हे त्यात गुन्ह्यात मोडतं.

शहरांत अडचण निराळी, तिथे जागाच संपत चालली आहे. 2010मध्ये जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात मोहम्मद रफी आणि मधुबाला यांच्या कबरींवरचं बांधकाम काढून तिथे नव्या दफनासाठी जागा केली गेली. ज्यांचा आवाज घराघरात आहे त्यांनाही कायमची जागा मिळाली नाही, याचं अनेकांना वाईट वाटलं. पण कब्रस्तानाच्या विश्वस्तांपुढे रोज येणारा देह असतो आणि त्याला नकार देता येत नाही. मुंबई, वसई, गोव्यातली कॅथलिक चर्चं काही काळानंतर अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, कबर दुसऱ्या देहासाठी मोकळी करतात. सिंगापूरने 1998पासून सरळ नियमच केला की कबर 15 वर्षांपुरती. आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यात दफनभूमीचं आरक्षण पडतं, मग त्या भूखंडावर झोपड्या उभ्या राहतात, किंवा शेजारच्या गृहसंकुलातून हरकती येतात. आरक्षण कागदावर राहतं आणि जुन्या कबरी पुन्हा पुन्हा उघडाव्या लागतात.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या 22व्या कलमानुसार सरकारी जमिनीतून दफनभूमी आणि दहनभूमीसाठी जागा राखून ठेवता येते. त्यावर शेड, रस्ता, पाणी करायला ग्रामपंचायतींना जनसुविधेच्या योजनेतून निधी मिळतो. तुमच्या गावात स्मशानभूमी कोणत्या गटात आहे, सातबाऱ्यावर तिची नोंद आहे का, गावातल्या प्रत्येक समाजाला पुरेल आणि पोचता येईल अशी जागा आहे का, हे एकदा तलाठ्याकडे जाऊन बघा. नसेल तर येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, तो तहसीलदारांकडे पाठवा आणि पोच घ्या. हे काम घरात कोणी गेल्यावर करता येत नाही, ते आधीच करायचं असतं.